आपल्याच चलनात पैसे भरले, तरी कार्डाच्या बिलात जादा रक्कम का येते?

प्रश्न थोडक्यात असा आहे: एका परदेशी कंपनीच्या सॉफ्टवेअरची वर्गणी ऑनलाइन भरली. किंमत आपल्याच देशाच्या चलनात दिसत होती आणि कापली गेली तीही तेवढीच. तरी महिन्याच्या बिलात त्याखाली 'क्रॉस बॉर्डर फी' अशी वेगळी ओळ आली. त्याच बिलात परदेशातल्या हॉटेलचा खर्चही हिशेबापेक्षा बराच जास्त लागला, आणि तिथेही मशिनवर आपलंच चलन निवडलं होतं. हे जादा पैसे नेमके कोण घेतं, आणि ते टाळता येतात का?

कार्डांच्या बिलांवरच्या तक्रारी तपासणं हे माझं बरीच वर्षं काम आहे. त्यात सर्वांत जास्त भेटणारा गैरसमज हाच, की 'चलन आपलं, म्हणजे व्यवहार देशातला'. तसं नसतं. चलन ही एक गोष्ट, आणि पैसे ज्या बँकेमार्फत वसूल झाले ती बँक कोणत्या देशातली, ही दुसरी. शुल्क यांपैकी कुठल्याही एका गोष्टीमुळे लागू शकतं, कधी दोन्हींमुळे. तुमच्या बिलातल्या दोन्ही नोंदींचं उत्तर इथेच आहे, फक्त दोन्ही ठिकाणी पैसे वेगवेगळ्या खिशात गेले आहेत.

कार्ड वापरलं की चार पक्ष कामाला लागतात: तुम्हाला कार्ड देणारी बँक, दुकानदार, दुकानदाराच्या वतीने पैसे वसूल करणारी त्याची बँक, आणि या दोन बँकांना जोडणारं व्हिसा किंवा मास्टरकार्डसारखं नेटवर्क. दोन्ही बँका वेगवेगळ्या देशांत असतील तर नेटवर्कच्या दृष्टीने तो व्यवहार सीमेपलीकडचा. अशा व्यवहारावर नेटवर्क स्वतःचा आकार लावतं, तो साधारण 1 टक्क्याच्या आसपास असतो. चलन बदललं नाही तरी तो लागू होऊ शकतो. कार्ड देणारी बँक बहुधा तो तुमच्याकडून वसूल करते आणि त्यावर स्वतःचा हिस्सा चढवते. दोन्ही मिळून 2 ते 3.5 टक्के हा आकडा बऱ्याच कार्डांवर दिसतो. बँका याला 'फॉरेन करन्सी मार्कअप', 'फॉरेन ट्रान्झॅक्शन फी' किंवा 'क्रॉस बॉर्डर फी' म्हणतात. काही देशांत या शुल्कावर वर करही लागतो, म्हणून टक्केवारी पाहताना 'कर धरून की वगळून' हे विचारावं.

सॉफ्टवेअरच्या वर्गणीचं नेमकं हेच झालं आहे. संकेतस्थळ तुमच्या भाषेत होतं, किंमत तुमच्या चलनात होती, पत्त्याच्या शेवटी तुमच्या देशाची अक्षरंही असतील. पण कंपनीचं वसुलीचं खातं दुसऱ्या देशातल्या बँकेत आहे. मोठ्या डिजिटल कंपन्या पुष्कळ देशांची वसुली आयर्लंड, लक्झेंबर्ग, नेदरलँड्स किंवा सिंगापूर अशा एखाद्या ठिकाणच्या उपकंपनीमार्फत करतात. संकेतस्थळावर हे ठळक लिहिलेलं नसतं. ते सापडतं अटींच्या पानावर, 'तुमचा करार अमुक कंपनीशी आहे' या वाक्यात, नाहीतर पहिल्या पावतीवर विक्रेत्याच्या नावाखालच्या पत्त्यात. आणि शेवटी स्टेटमेंटमध्ये: विक्रेत्याच्या नावापुढे शहर आणि देशाची दोन-तीन अक्षरं असतात, ती पाहण्याची सवय लावून घ्यावी. तिथे परका देश दिसला की रकमेपुढचं चलन आपलं असलं तरी शुल्काची शक्यता धरायची.

केवळ सीमेमुळे खर्च कसा बदलतो याचं एक स्वच्छ उदाहरण आहे. युरोपीय संघात ग्राहकांच्या कार्डांवर दुकानदाराच्या बँकेने कार्ड देणाऱ्या बँकेला द्यायच्या शुल्काला 2015 च्या कायद्याने मर्यादा आहे: डेबिटला 0.2 टक्के, क्रेडिटला 0.3 टक्के. ब्रिटन संघातून बाहेर पडल्यावर ब्रिटन आणि संघ यांच्यातल्या ऑनलाइन व्यवहारांवर व्हिसा आणि मास्टरकार्ड या दोघांनीही 2021 मध्ये हेच दर 1.15 आणि 1.5 टक्क्यांवर नेले. ग्राहक तोच, कार्ड तेच, दुकान तेच, चलनही तेच. बदलली ती फक्त मधली रेघ. हे शुल्क शेवटी दुकानदाराकडूनच वसूल होतं, त्यामुळे ग्राहकाच्या बिलात त्याची ओळ दिसत नाही. ते वस्तूच्या किमतीत जिरतं.

आता हॉटेल. इथे जास्त पैसे जातात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

परदेशात कार्ड मशिनला लावलं की मशिन कार्डाच्या सुरुवातीच्या अंकांवरून ते कुठल्या देशाचं आणि कुठल्या चलनाचं आहे हे ओळखतं. मग पडद्यावर दोन रकमा येतात. समजा वर '400.00 युरो', खाली तुमच्या चलनातली रक्कम, त्याखाली बारीक अक्षरात दर आणि 'मार्जिन 6 टक्के' असं काहीतरी. पुष्कळदा तुमच्या चलनाची रक्कम मोठ्या अक्षरात किंवा हिरव्या बटणासमोर असते, आणि सोबत 'हमखास दर' असे शब्द. ओळखीचं चलन पाहून माणूस निर्धास्त होतो आणि बटण दाबतो. या सेवेला 'डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन' म्हणतात, आमच्या कामात नुसतं 'डीसीसी'. यात चलन बदलतं ते दुकानदाराच्या बाजूला, त्यांनी ठरवलेल्या दराने. त्या दरात नफा आधीच मिसळलेला असतो, आणि तो दुकानदार, त्याची बँक आणि ही सेवा पुरवणारी कंपनी वाटून घेतात. काउंटरवरचा कर्मचारी आग्रह का करतो, ते इथे कळतं.

हिशेबाच्या सोयीसाठी धरू की 1 युरो म्हणजे तुमच्या चलनात 100. बिल 400 युरोचं, म्हणजे मूळ रक्कम 40,000. युरोतच पैसे दिले असते तर नेटवर्कच्या दराने साधारण तेवढेच, वर बँकेचा 2.5 टक्के मार्कअप धरून 41,000. मशिनवर आपलं चलन निवडलं तर 6 टक्के चढवलेल्या दराने 42,400. इथे लोकांना वाटतं, निदान बँकेचं शुल्क तरी वाचलं. पण दुकानदाराची बँक परदेशातलीच आहे, त्यामुळे व्यवहार सीमेपलीकडचाच राहतो. काही बँका अशा व्यवहारावर कमी दराने शुल्क लावतात, काही पूर्ण मार्कअप लावतात. पूर्ण लावला तर रक्कम 43,460 होते. दोन्ही मार्गांतला फरक 2,460 चा, आणि त्याच्या बदल्यात मिळालं काय, तर आकडा आपल्या चलनात वाचण्याची सोय.

याहून वाईट प्रकार म्हणजे मशिन तुमचं चलन न देता डॉलर देतं. कार्डाचं चलन तिसरंच असेल, तर युरोचे डॉलर मशिनने केले आणि डॉलरचं तुमचं चलन बँकेने केलं. पहिल्यात 5 टक्के आणि दुसऱ्यात 2.5 टक्के गेले तर मिळून साडेसात टक्क्यांच्या वर खर्च होतो. दुसऱ्या कुठल्याही चलनाला 'हो' म्हणायचं कारण नाही. जिथे उभे आहात त्या देशाचं चलन, हाच पर्याय निवडायचा. एटीएमवरही तेच. तिथला 'कन्व्हर्जन नाकारा' हा पर्याय असा मांडलेला असतो की पैसेच मिळणार नाहीत अशी भीती वाटते. तसं होत नाही. रूपांतर नाकारलं तरी नोटा मिळतात, फक्त दर तुमच्या बँकेच्या बाजूने ठरतो.

युरोपात एक चांगला नियम झाला आहे. 2019 च्या 518 क्रमांकाच्या नियमानुसार, 19 एप्रिल 2020 पासून तिथल्या एटीएमने आणि दुकानातल्या मशिनने रूपांतराचा खर्च युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या संदर्भ दरावर किती टक्के चढवला आहे, हे व्यवहाराआधी दाखवायचं असतं. म्हणजे पडद्यावरची ती बारीक ओळ शोभेची नाही. ती टक्केवारी आणि तुमच्या बँकेचा मार्कअप या दोनच आकड्यांची तुलना करायची. एकच लक्षात ठेवा, हा संदर्भ दर कामाच्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास जाहीर होतो. शनिवारी-रविवारी जी तुलना दिसते ती शुक्रवारच्या दराशी असते.

हॉटेलात आणखी एक जागा असते जिथे मशिनचा प्रश्नच विचारला जात नाही. खोली घेताना जो नोंदणीचा कागद भरतो, त्यात तळाशी 'माझं बिल माझ्या कार्डाच्या चलनात आकारावं' अशा अर्थाचं वाक्य कधीकधी आधीच छापलेलं असतं. सही केली की संमती झाली, आणि निघताना पावती सरळ तुमच्या चलनात येते. ते वाक्य खोडून शेजारी 'स्थानिक चलनात' असं लिहावं आणि मग सही करावी. गाडी भाड्याने घेतानाच्या करारातही हे तपासा, कारण तिथे अनामत रोखून ठेवतात आणि शेवटचा हिशेब तुमच्या गैरहजेरीत होतो.

चुकीचं बटण दाबलं गेलं, किंवा न विचारताच रूपांतर झालं, तर काउंटर सोडू नका. 'हा व्यवहार रद्द करा आणि स्थानिक चलनात पुन्हा करा' एवढंच सांगायचं. दिवसाचा हिशेब मशिनवर बंद होण्याआधी व्यवहार रद्द झाला, तर मूळ नोंद पुढे जातच नाही आणि तुम्हाला काही भुर्दंड पडत नाही. दुसऱ्या दिवशी गेलात तर रद्द करणं शक्य नसतं, परतावा करावा लागतो, आणि परताव्याचं गणित वेगळं आहे. ते पुढे सांगतो.

घरी परतल्यावर लक्षात आलं तरी मार्ग आहे. व्हिसा आणि मास्टरकार्ड या दोघांच्याही नियमांत ग्राहकाला चलन निवडू देणं बंधनकारक आहे, दोन्ही रकमा आणि दर दाखवणंही. निवड दिली नसेल तर तो वाद नोंदवण्याचा विषय होतो: व्हिसाच्या यादीत 12.3 क्रमांकाचं 'चुकीचं चलन' हे कारण आहे, मास्टरकार्डमध्ये 4834 या कारणाखाली ते येतं. बँकेच्या तक्रार विभागाला नुसतं 'जास्त पैसे कापले' असं लिहिलं तर उत्तर येतं की दर बदलत असतात. त्याऐवजी लिहा: 'विक्रेत्याने चलन निवडण्याचा पर्याय न देता रूपांतर केलं, मला मूळ स्थानिक चलनातल्या रकमेने आकारणी हवी आहे.' सोबत पावतीचा फोटो. मात्र पावतीवर 'मला चलनाचा पर्याय देण्यात आला आणि मी ही निवड केली' असं छापलेलं असेल आणि तुम्ही पिन टाकला असेल, तर बाजू कमकुवत होते. म्हणून पिन टाकण्याआधी पडदा वाचणं जास्त उपयोगाचं. पावत्या स्टेटमेंट येईपर्यंत जपा आणि वाद लवकर नोंदवा, या नियमांना मुदती असतात.

ऑनलाइन खरेदीत हाच प्रकार जास्त गुळगुळीत रूपात येतो. चलन निवडायची जी पेटी असते, तिचे दोन प्रकार आहेत आणि ते दिसायला सारखेच. एकात विक्रेत्याने त्या चलनात स्वतंत्र किंमत लावलेली असते. दुसऱ्यात किंमत मूळ चलनातच असते आणि पैसे भरण्याच्या पानावर तिचं रूपांतर होतं. काही विमान कंपन्यांच्या आणि तिकीट विक्रीच्या पानांवर हे रूपांतर आधीच निवडलेलं असतं, आणि ते काढण्यासाठी 'अधिक माहिती' असं काहीतरी उघडावं लागतं. पेपालसारख्या सेवेतही हेच: परकीय चलनातली किंमत ती स्वतःच्या दराने बदलून देऊ पाहते आणि त्या दरात 3-4 टक्के सहज असतात. चलनाच्या पर्यायांत 'कार्ड देणाऱ्या बँकेला रूपांतर करू द्या' अशी निवड असेल तर ती करायची. आपोआप नूतनीकरण होणाऱ्या पेमेंटसाठी ही निवड स्वतंत्रपणे करावी लागू शकते.

ओळखायचं कसं? दोन्ही चलनांतल्या किमती पाहून आपल्या चलनातल्या किमतीला परकीय चलनातल्या किमतीने भागा. जो दर निघेल तो व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या संकेतस्थळावरच्या दर-गणकाशी ताडून पाहा. दोघांचेही गणक सर्वांना खुले आहेत आणि त्यात आपल्या बँकेचा मार्कअप भरायचीही सोय आहे. निघालेला दर मार्कअपसकट दरापेक्षा महाग असेल तर मूळ चलनात पैसे भरा. इथे एक सावधगिरी हवी. काही कंपन्या काही देशांसाठी खरोखरच कमी किंमत ठेवतात, विशेषतः सॉफ्टवेअर आणि वर्गण्यांमध्ये. तिथे आपल्या चलनातली किंमत, वर सीमेपलीकडचं शुल्क धरूनही, स्वस्त पडते. 'नेहमी परकीय चलनच निवडा' हा सल्ला काउंटरवर बरोबर आहे, ऑनलाइन मात्र भागाकार केल्याशिवाय पाळू नये.

परताव्याबद्दल. 200 डॉलरची वस्तू घेतली, दर 80 होता: 16,000, वर 2.5 टक्के म्हणजे 400. एकूण 16,400. वस्तू परत केली तेव्हा दर 79 झाला होता. दुकानदाराने 200 डॉलर पूर्ण परत केले, त्याचा काही दोष नाही. पण तुमच्या खात्यात आले 15,800. बऱ्याच बँका मूळ मार्कअप परत करत नाहीत. 600 गेले आणि वस्तूही नाही. दर वर गेला असता तर उलट झालं असतं, पण मार्कअपचे 400 त्याही वेळी अडकलेच असते. कपडे, बूट अशा परत जाण्याची शक्यता असलेल्या गोष्टी परदेशी दुकानातून मागवताना 'मोफत परतावा' या शब्दांत हा खर्च धरलेला नसतो. बँकेला मार्कअप परत मागून पाहावा. काही बँका विनंतीवर देतात.

दर कोणत्या दिवशीचा, हाही नेहमीचा प्रश्न. खरेदी करताना मोबाइलवर येणारा आकडा तात्पुरता असतो. दुकानदाराची बँक व्यवहार पुढे पाठवते आणि तो नेटवर्ककडे प्रक्रियेला येतो, त्या दिवसाचा दर बऱ्याचदा लागतो, आणि मध्ये दोन-तीन दिवस जाऊ शकतात. म्हणून स्टेटमेंटमधली रक्कम थोडी कमीजास्त असणं ही लबाडी नव्हे. एखाद्या टक्क्याचा फरक असेल तर दर हलला असं समजा. पाच-सहा टक्क्यांचा असेल तर डीसीसी शोधा.

रोख रकमेसारख्या व्यवहारांवर लक्ष ठेवा. क्रेडिट कार्डाने परदेशी एटीएममधून पैसे काढले की मार्कअप, रोख उचलीचं शुल्क आणि बहुतेक कार्डांवर पहिल्या दिवसापासून व्याज, अशा तीन गोष्टी एकदम लागतात. बिनव्याजी मुदत तिथे नसते. ऑनलाइन जुगार, परकीय चलन विकत घेणं, पैसे पाठवण्याची सेवा, आभासी चलनाची खरेदी यांनाही कित्येक बँका रोख उचलच समजतात. बँक हे विक्रेत्याच्या व्यवसायाच्या चार अंकी संकेतावरून ठरवते, तुमचा हेतू काय होता यावरून नाही.

'शून्य मार्कअप' कार्डांबद्दल माझं मत चांगलं आहे, पण दोन प्रश्न विचारल्यावर. दर नेटवर्कचा लागतो की बँकेचा स्वतःचा? आणि शून्य हे सगळ्या रकमेवर की ठरावीक मर्यादेपर्यंत? बँकेचा स्वतःचा दर असेल तर शुल्क दरातच लपवता येतं, आणि हा प्रकार जुना आहे. अमेरिकेत व्हिसा, मास्टरकार्ड, डायनर्स क्लब आणि अनेक मोठ्या बँकांवर चलन रूपांतराचं शुल्क संगनमताने ठरवल्याचा आणि ग्राहकांपासून लपवल्याचा दावा झाला होता. आरोप मान्य न करता त्यांनी 2006 मध्ये 33 कोटी 60 लाख डॉलरची तडजोड केली. बिलात शुल्काची वेगळी ओळ दिसली की राग येतो, हे मी समजू शकतो. पण वेगळी ओळ दिसणं हे ग्राहकाच्या फायद्याचंच आहे, तिच्याबद्दल निदान विचारता तरी येतं. मला काळजी वाटते ती दरात विरघळलेल्या शुल्काची. खर्चावर मिळणारे रिवॉर्ड पॉइंटही याच नजरेने पाहा: 1 टक्का परत देणारं आणि 3.5 टक्के मार्कअप लावणारं कार्ड परदेशी खरेदीसाठी बाहेर काढू नये.

तुमच्या दोन नोंदींकडे परत येतो. हॉटेलच्या पावतीवर दोन चलनं आणि दर छापलेला आहे का ते आधी बघा. तुम्ही स्वतः आपलं चलन निवडल्याचं सांगता, त्यामुळे वाद टिकेल असं मला वाटत नाही, आणि खोटी आशा दाखवायची नाही. सॉफ्टवेअरच्या वर्गणीसाठी बँकेला लेखी विचारा: 'परदेशी विक्रेत्याने माझ्याच चलनात आकारणी केली तर शुल्क किती, आणि विक्रेत्याच्या चलनात केली तर किती?' दोन्ही आकडे मागा. पहिला आकडा शून्य असणारी कार्डं असतात, तसं एखादं तुमच्याकडे असेल तर वर्गणी त्यावर वळवा. नाहीतर कंपनीच्या मदत विभागाला विचारा की तुमच्या देशातल्या उपकंपनीमार्फत आकारणी होऊ शकते का. व्यावसायिक खात्यांना काही कंपन्या ही सोय देतात. पुढचं नूतनीकरण कधी आहे ते आजच पाहून ठेवा, कारण कार्ड बदलायचं तर त्या तारखेच्या आधी बदलावं लागेल.